खुले पत्र : मुलांचा आत्मसन्मान सभागृहात वाढत नाही, ऑफिसच्या खिडकीवर मात्र खचतो

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य आणि संस्थाचालक

विषय : घरची परिस्थिती, मुलगा-मुलगी भेद आणि विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान

सप्रेम नमस्कार.

नवीन सत्र सुरू झाले की महिना-दोन महिन्यांत बहुतेक ठिकाणी व्यक्तिमत्त्व विकासाचे एक शिबिर होते. सभागृहात तीन-चारशे मुले, बाहेरून आलेला वक्ता, दीड तासाचे जोरदार भाषण, टाळ्या, फोटो. काही महाविद्यालये जोडीला आत्मसन्मानाची प्रश्नावली वाटतात, बेरीज करतात आणि अहवालात लिहितात की मुलींचा आत्मसन्मान मुलांपेक्षा कमी आहे, खेड्यातून आलेल्या आणि गरीब घरच्या विद्यार्थ्यांचा त्याहून कमी आहे. मग त्या मुलींसाठी आणखी एक व्याख्यान ठेवले जाते. या शहरात समुपदेशन करणारे आणि मानसशास्त्र शिकवणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत, कारण यातले मोजमाप बहुधा चुकलेले असते आणि उपाय तर चुकलेलाच असतो. ज्या गोष्टींनी मुले स्वतःच्या नजरेत उतरतात त्या आपल्याच ऑफिसात, प्रयोगशाळेत, गॅदरिंगमध्ये घडतात. त्या बदलायला फारसा पैसाही लागत नाही.

घरची परिस्थिती आणि आत्मसन्मान यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही. मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यातल्या ५,०२४ विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९६५ मध्ये दहा विधानांची मापनश्रेणी मांडली. आपल्याकडे वाटली जाते ती प्रश्नावली बहुतेक वेळा हीच. त्याच रोझेनबर्गने १९७८ मध्ये लेनर्ड पर्लिनसोबत दाखवून दिले की लहान मुलांत घरच्या आर्थिक-सामाजिक स्तराचा आत्मसन्मानाशी जवळपास संबंध नसतो, किशोरवयात तो थोडा दिसू लागतो आणि मोठ्या माणसांत ठळक होतो. याचे एक कारण असे, की लहान मूल आपल्यासारख्याच घरांतल्या मुलांत वाढते. गल्लीत सगळ्यांचीच दोन खोल्यांची घरे, सगळ्यांचेच आईबाप सकाळी डबा घेऊन निघणारे. तिथे तुलना करायची कोणाशी? ती सुरू होते मिश्र वर्गात बसल्यावर.

नागपुरात ही वेळ बहुतेकांच्या बाबतीत अकरावीत येते. पारडी, कळमना, इंदोऱ्यातली किंवा उमरेड, काटोल, भिवापूरची, दहावीपर्यंत वर्गात पहिल्या पाचात असलेली मुलगी धरमपेठ नाहीतर सिव्हिल लाइन्ससारख्या सुखवस्तू भागातल्या महाविद्यालयात येते. गडचिरोली-गोंदियाकडची मुले नीट-जेईईसाठी खोली घेऊन राहतात. घर तेच असते, वय तेच असते, फक्त आता त्या घराची ओळख रोज कोणाला ना कोणाला द्यावी लागते. म्हणून अकरावीचे पहिले चार आठवडे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. शिबिर घ्यायचे तर ऑक्टोबरमध्ये घ्या, पण हे चार आठवडे हातचे जाऊ देऊ नका.

आकडेही बघून घ्यावेत, म्हणजे अहवालात भलते निष्कर्ष येणार नाहीत. जीन ट्वेंगी आणि कीथ कॅम्पबेल यांनी २००२ मध्ये तीन लाखांहून अधिक लोकांवरचे अभ्यास एकत्र केले. आर्थिक-सामाजिक स्तर आणि आत्मसन्मान यांचा सहसंबंध निघाला ०.०८. म्हणजे माणसामाणसांत आत्मसन्मानाचा जो फरक दिसतो, त्यातला एक टक्कासुद्धा या स्तरावरून सांगता येत नाही. मुलगा-मुलगी फरकावर १९९९ मध्ये क्रिस्टन क्लिंग आणि सहकाऱ्यांनी असाच मोठा आढावा घेतला. फरक मुलांच्या बाजूने, ०.२१ प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) इतका निघाला. साध्या भाषेत, एक मुलगा आणि एक मुलगी अशा शंभर जोड्या लावल्या तर साधारण ५६ जोड्यांत मुलाचे गुण जास्त येतील आणि ४४ जोड्यांत मुलीचे. १५ ते १८ या वयात हा फरक सर्वाधिक, ०.३३ होता, म्हणजे ५९ विरुद्ध ४१. हे अभ्यास बहुतांश पाश्चात्त्य देशांतले आहेत, तेव्हा आकडे जसेच्या तसे नागपूरला चिकटवू नयेत. पण एवढे नक्की, की समोरची मुलगी आहे किंवा तिचे वडील रिक्षा चालवतात, यावरून तिचा आत्मसन्मान कमी असणार असे धरून चालायला आधार नाही. त्या गृहीतकातून येणारी कीव मुलांना लगेच कळते.

आमच्या कामाचा आकडा वेगळाच आहे. २००९ मध्ये ब्रिटनी जेंटाइल आणि सहकाऱ्यांनी आत्मसन्मानाचे दहा भाग वेगळे करून पाहिले. अभ्यास, कुटुंब आणि लोकांत स्वीकारले जाणे यांत मुलगे-मुलींत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. दिसणे आणि खेळ यांत मुलगे पुढे होते, वागणूक आणि नीतिमत्ता यांत मुली. म्हणजे फट नेमकी कुठे आहे हे माहीत आहे. ‘तुम्ही कोणापेक्षा कमी नाही’ असे मुलींना सांगितल्याने ती बुजत नाही. दिसण्यावरून होणारी शेरेबाजी थांबवली आणि मैदान मोकळे केले, तर बुजण्याची शक्यता आहे.

आता ऑफिसच्या खिडकीकडे येऊ. प्रवेशाच्या रांगेत आतून प्रश्न येतो, ‘वडील काय करतात?’ मागे सात-आठ मुले उभी असतात. आत कूलर चालू असतो, म्हणून ‘मजुरी’, ‘नाहीत’, ‘आम्ही आईकडे राहतो’ हे उत्तर मोठ्याने द्यावे लागते, कधी दोनदा. मग ‘कॅटेगरी?’ नवीन वर्गातल्या सोबत्यांना विद्यार्थ्याची पहिली ओळख होते ती अशी. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, त्याला दिवसभरात दोनशे फॉर्म संपवायचे असतात. पण ही माहिती तोंडी घ्यायचे कारण काय? फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ काढून ‘पालकाचे नाव, विद्यार्थ्याशी नाते, व्यवसाय’ असे तीन रकाने करा. ‘हयात/मयत’ हा रकाना सरसकट नको. ज्या योजनेसाठी तो दाखला लागतो, ती योजना घेणाऱ्याकडूनच तो वेगळा घ्या. रांग खिडकीपासून दोन मीटर मागे थांबेल अशी फरशीवर पट्टी मारा. कागद कमी असतील तर ओरडून सांगण्याऐवजी छापील चिठ्ठीवर खूण करून द्या : उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रीमिलेअर, टीसी, बँक पासबुक. आठ-दहा ओळींची चिठ्ठी, एका ए-फोर कागदात चार बसतात.

राज्य सरकारने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी लिहिणे सरकारी कागदपत्रांसाठी बंधनकारक केले आहे. आजच्या अकरावीच्या मुलांना तो नियम लागू नाही. तरी संस्थेच्या स्वतःच्या फॉर्मवर आईचा रकाना वर घ्यायला कोण अडवते?

शिष्यवृत्तीची यादी हा याहून मोठा घाव आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जात त्रुटी निघाल्या की नाव, तुकडी, प्रवर्ग अशी यादी नोटीस बोर्डावर लागते आणि तिचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो. काही वर्गांत ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा’ असेही म्हटले जाते, शाळांत ‘आरटीईवाले’. शिक्षण हक्क (आरटीई) कायदा २००९ च्या कलम १२(१)(क) ने खासगी शाळांत राखीव जागा देऊन त्या मुलांना त्याच बाकावर बसवले आणि आपण त्यांना त्याच बाकावरून उभे करतो. यादीत अर्ज क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे आणि त्रुटी, इतकेच असावे. प्रवर्गाचा रकाना तर मुळीच नको. ज्याचा अर्ज आहे त्याला आपला क्रमांक माहीत असतो.

बोलण्याचेही तसेच आहे. ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिली’ म्हणणारे, ‘ण’ला ‘न’ म्हणणारे, घरी गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणारे विद्यार्थी आपल्या वर्गात आहेत. भर वर्गात उच्चार दुरुस्त केला की बाकीचे हसतात आणि ते मूल पुढचे वर्षभर हात वर करत नाही. उच्चार शिकवायचा असेल तर तासानंतर, एकट्याला शिकवा.

पालकसभा बहुधा कामाच्या दिवशी अकरा वाजता असते. हिंगणा एमआयडीसीत पहिल्या पाळीला असलेला बाप आणि चार घरी धुणीभांडी करणारी आई त्या वेळी येऊच शकत नाही. आले तर त्या दिवसाची मजुरी बुडते. मग दुसऱ्या दिवशी ‘ज्यांचे पालक आले नाहीत त्यांनी उभे राहा’. इथे मूल आईबापांच्या परिस्थितीची शिक्षा भोगते, आणि शिक्षा देणाऱ्यालाही ती शिक्षा आहे हे कळत नाही. सत्रातल्या दोन सभांपैकी एक रविवारी सकाळी किंवा संध्याकाळी साडेसहानंतर घ्या. निरोपात ‘वडिलांना घेऊन या’ असे न लिहिता ‘घरातले कोणीही मोठे’ असे लिहा. आजी, मावशी, मोठी बहीण, सगळे चालतील. आणि सभेत गुणपत्रिका सर्वांसमोर वाचू नका.

मुलींच्या बाबतीत आम्हाला सर्वांत आधी प्रयोगशाळेकडे लक्ष वेधायचे आहे. भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला चौघांचा गट असेल, त्यात दोन मुली असतील, तर बहुतेक वेळा मुलगे जोडणी करतात, व्हर्निअर (बारीक लांबी मोजण्याचे उपकरण) हाताळतात आणि मुली निरीक्षणे लिहितात, कारण ‘त्यांचे अक्षर चांगले’. वर्षभर हेच चालते. मग तोंडी परीक्षेत ‘झिरो एरर कशी काढतात’ विचारले की लिहिणारी अडखळते, कारण उपकरण तिच्या हातात आलेलेच नसते. आपल्याला हे जमत नाही, असे तिला वाटू लागते. जमत नाही ही गोष्ट खरी असते, फक्त तिचे कारण ती स्वतःत शोधते. उपाय साधा आहे. जोडणी, वाचन, नोंद, आकडेमोड ही चार कामे पाटीवर लिहा आणि दर प्रॅक्टिकलला एकेक घर पुढे सरकवा. चार प्रॅक्टिकलमध्ये प्रत्येकाच्या हातून प्रत्येक काम होते. परिचराला सांगून ठेवा की फिरती मोडली तर प्रयोग तपासला जाणार नाही.

मैदानाचेही असेच. खेळाच्या तासाला मुलींना ‘बसा, अभ्यास करा’ अशी सूट मिळते. ती सूट बंद करून त्यांना वेळ, चेंडू आणि शिकवणारा माणूस द्या. पाळीच्या दिवसांत नको म्हणणारीला कारण न विचारता मोकळीक द्या. स्वच्छतागृहात पाणी, आतून लागणारी कडी आणि झाकणाची कचराकुंडी असेल, तर त्या मोकळीकीची गरजही कमी पडते.

गॅदरिंगमधले फिशपाँड हा वेगळा विषय आहे आणि त्यावर आमचे मत ठाम आहे. रंग, वजन, उंची, आडनाव, वस्ती, जोड्या लावणे यांवरच्या चिठ्ठ्या मंचावरून वाचल्या जातात आणि सगळे हसतात. मुली मागे पडतात त्या दिसण्याच्या बाबतीत, हे वर आले आहेच. इथे संस्था स्वतःच माईक देते. चिठ्ठ्या किमान दोन दिवस आधी जमा करा आणि एक शिक्षिका व दोन विद्यार्थी प्रतिनिधींनी वाचून या सहा विषयांवरची प्रत्येक चिठ्ठी बाजूला काढावी. ज्याच्यावर चिठ्ठी आहे त्याची संमती घ्या. एवढे जमत नसेल तर फिशपाँड बंद करा. मिस फ्रेशर वगैरे किताबांचेही तेच.

मुलींचा वेळ हा घरचा प्रश्न आहे असे म्हणून सोडून देता येत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटे खर्च करतात आणि पुरुष ८८, असे दिसले. अकरावीतली मुलगी यातून सुटलेली नसते, आई कामाला जात असेल तर नाहीच. वही अपुरी म्हणून ती वर्गात उभी राहते तेव्हा शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा, तोही बाजूला घेऊन : काल संध्याकाळी सहा ते दहा काय काय केलेस? उत्तर ऐकल्यावर बहुतेक शिक्षक स्वतःच मार्ग काढतात. महाविद्यालयाची अभ्यासिका साडेपाचपर्यंत उघडी ठेवणे हा त्यातला एक.

मुलग्यांकडे मात्र आपले सर्वांचेच दुर्लक्ष होते. सरासरीत ते पुढे दिसतात म्हणून ते ठीक आहेत असे आपण धरतो. ज्या घरात बापाचे काम सुटले आहे तिथे सोळाव्या वर्षी ‘आता तू मोठा’ हे वाक्य मुलाच्या वाट्याला येते. तो रात्री डिलिव्हरीची किंवा मंडप-केटरिंगची कामे करतो, पहिल्या तासाला झोपतो, आणि वर्गात ‘झोपा काढायला येतोस का’ ऐकतो. मुलगे समुपदेशकाच्या खोलीकडे सहसा फिरकत नाहीत, कारण दारावर पाटी असते आणि दार मधल्या सुट्टीत सगळ्यांना दिसते. खोली ग्रंथालयाच्या बाजूला द्या, पाटीवर ‘विद्यार्थी मार्गदर्शन’ लिहा आणि शिष्यवृत्ती, करिअर, आयटीआय प्रवेश यांची माहितीही तिथेच ठेवा. मग आत जायला त्यांना कारण मिळते.

२० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात दलित महिला परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. मुलांना शिकवा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा जागवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका, मुलींच्या लग्नाची घाई करू नका, आणि लग्न करणाऱ्या मुलीने नवऱ्यापुढे बरोबरीने उभे राहावे, हे त्यांनी एकाच भाषणात सांगितले. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हेही त्यातच आहे. घरची पार्श्वभूमी आणि मुलगी असणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या नाहीत. उत्तर नागपुरातल्या कितीतरी आंबेडकरी घरांनी ते काम पिढ्यान्‌पिढ्या केले. तिथून ताठ मानेने निघालेले मूल आपल्या नोटीस बोर्डापाशी येऊन मान खाली घालत असेल, तर त्याची जबाबदारी त्या घराची नाही.

प्रश्नावली वाटायचीच असेल तर थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे. रोझेनबर्गच्या श्रेणीत दहा विधाने, प्रत्येकी चार पर्याय, गुण ० ते ३, एकूण ० ते ३०. पाच विधाने सरळ आणि पाच उलटी, म्हणजे ‘होय’ म्हटले की मान कमी दाखवणारी. उलट्या विधानांचे गुण फिरवून मोजायचे (० चे ३, १ चे २) आणि नेमके तेच राहून जाते. तसे झाले की स्वतःला पूर्ण मान देणाऱ्याचेही १५ येतात आणि मुळीच न देणाऱ्याचेही १५. सगळा वर्ग पंधराच्या आसपास दिसला तर आधी गुणांकन तपासा. ‘स्वतःबद्दल अधिक आदर वाटायला हवा होता’ अशा अर्थाचे एक विधान आहे. ते उणीव सांगते असे श्रेणीत धरले आहे, पण आपल्याकडची मुले ती चांगली इच्छा समजून ‘होय’ म्हणतात आणि त्यांचे गुण विनाकारण घटतात. श्मिट आणि अलिक यांनी २००५ मध्ये ५३ देशांत ही श्रेणी तपासली, तेव्हा उलट्या विधानांचा अर्थ देशोदेशी वेगळा घेतला जातो, हेच पुढे आले. मराठी अनुवाद आधी आठ-दहा मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या आणि ‘याचा अर्थ काय समजलास’ असे विचारा.

एका तुकडीच्या आकड्यांवरून मुलगे-मुलींची तुलना करू नका. तीस मुली आणि तीस मुलगे, प्रमाण विचलन साधारण ५ गुण धरले, तर निव्वळ योगायोगाने अडीच गुणांपर्यंत फरक येऊ शकतो. आपण शोधतोय तो फरक मात्र एका गुणाच्या आसपासचा आहे. तो विश्वासाने पकडायला दोन्हीकडे सुमारे चारशे विद्यार्थी लागतील. घरचे उत्पन्न मुलांना विचारू नका, त्यांना ते माहीत नसते आणि दाखल्यावरचा आकडा वेगळाच असतो. आई-वडील कितवीपर्यंत शिकले, घरात खोल्या किती आणि माणसे किती, अभ्यासाला ठरलेली जागा आहे का, काल घरकामाला किती वेळ गेला, एवढे पुरते. हे प्रश्न श्रेणीच्या नंतर ठेवा. आधी घराची आठवण करून दिली की पुढची उत्तरे त्याच रंगात येतात. नाव लिहून घेणार असाल तर १८ वर्षांखालील विद्यार्थ्यांच्या पालकांची संमती घ्या, कागद वर्गशिक्षकाकडे न देता बंद पाकिटात समुपदेशकाकडे द्या, आणि कमी गुण आलेल्याला किती दिवसांत कोण भेटणार हे वाटण्याआधी ठरवा. स्वतःला इजा करण्याबद्दलचा प्रश्न घालणार असाल, तर कागद त्याच दिवशी वाचणारा माणूस हवा. नसेल तर तो प्रश्न घालू नका. गुप्ततेची मर्यादाही आधीच सांगा : जिवाला धोका असेल तर आम्ही घरी सांगू, आणि लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सो कायद्याने कळवावेच लागते. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक प्रत्येक कागदाच्या तळाशी छापा. गरज पडल्यास मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात नेता येते.

कौतुकाबद्दल थोडेच. आत्मसन्मान वाढवला की गुण वाढतील, या समजुतीला रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या आढाव्यात आधार सापडला नाही. बऱ्याचदा उलटे असते, काम जमू लागले की मान वाढतो. ‘तू ग्रेट आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘तिसऱ्या पायरीला चिन्ह बदललेस, तिथेच गणित सुटले’ हे वाक्य जास्त दिवस टिकते.

शेवटी आमची मागणी. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे सांगितले आहे. गुणांवरून तुकड्या पाडणे आणि जाहीर अपमान शक्यतो टाळावा, आणि शिक्षक व शिक्षकेतर अशा दोघांनाही वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, हेही त्यात आहे. यातला शिक्षकेतर हा शब्द फार महत्त्वाचा आहे. यंदा मुलांच्या शिबिराला जो वेळ आणि मानधन ठेवले असेल, त्यातले दोन तास लिपिक, प्रयोगशाळा परिचर, ग्रंथपाल आणि शिपाई यांच्यासाठी द्या. आम्ही विनामूल्य येऊ. येताना सुधारित फॉर्म, त्रुटींच्या चिठ्ठीचा नमुना, प्रॅक्टिकलच्या फिरतीचा तक्ता आणि गुणांकनाची पाटी घेऊन येऊ. हे सत्र प्रवेशाची खिडकी उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात ठेवता आले तर उत्तम.

आपले,
नागपुरातील काही समुपदेशक आणि मानसशास्त्राचे शिक्षक